ग्रह शोधायचा तर आधी तारा ओळखावा लागतो

नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, केप्लर, टेस, जेम्स वेब या दुर्बिणींना दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह खरंच दिसतात का? 'दुसरी पृथ्वी सापडली' अशी बातमी आली की किती खरी मानायची? आणि आमच्या कॉलेजात मोटरवाली आठ इंची दुर्बीण आहे, नुसती पडून आहे. मनीष नगरच्या आमच्या गच्चीवरून तिच्यातून यातलं काही होईल का?"

मी बरीच वर्षं ताऱ्यांचे प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार त्यांचा प्रकाश कसा बदलतो त्याचे आलेख, मोजतो आणि मुलांना मोजायला शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. पण ते पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून निघतं, म्हणून क्रमाने जाऊ.

ग्रह दिसत नाहीत. दृश्य प्रकाशात आपला सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे 1000 कोटी पट तेजस्वी आहे, आणि दुरून पाहिलं तर दोघं जवळजवळ एकाच बिंदूत असतात. ज्यांचं थेट चित्र मिळालं असे ग्रह थोडे आहेत. 2008 मध्ये एचआर 8799 या ताऱ्याभोवतीचे ग्रह जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी टिपले. 2024 मध्ये वेबने आपल्यापासून फक्त 12 प्रकाशवर्षांवरच्या एप्सिलॉन इंडी ताऱ्याजवळचा गुरूहून जड ग्रह टिपला. थेट चित्रांत येणारे हे ग्रह गुरूसारखे अवाढव्य आणि आपल्या ताऱ्यापासून लांब असतात. बहुतेक तरुण आणि अजून तापलेलेही असतात. बाकी हजारो ग्रहांच्या बाबतीत दुर्बिणीने पाहिला तो तारा. ग्रह आहे हे त्या ताऱ्याच्या वागण्यावरून कळलं.

केप्लर आणि टेस यांची पद्धत अधिक्रमणाची, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना पकडण्याची. 6 जून 2012 च्या सकाळी शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा तू लहान असशील. पण घरच्या कुणीतरी तो गडद चष्म्यातून काळ्या ठिपक्यासारखा पाहिला असेल. त्या वेळी सूर्याचा प्रकाश साधारण हजारात एक भाग कमी झाला होता. डोळ्याला हे कळत नाही, पण चांगल्या प्रकाशमापकाला कळतं. दूरच्या ताऱ्याचं बिंब दिसतच नाही, तो प्रकाशाचा एक ठिपका असतो. त्या ठिपक्याचा प्रकाश ठरावीक काळाने ठरावीक प्रमाणात उतरला आणि पुन्हा पूर्ववत झाला, तर प्रकाशवक्रात एक खळगा पडतो. खळग्याची खोली म्हणजे ग्रहाची त्रिज्या भागिले ताऱ्याची त्रिज्या, त्याचा वर्ग. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश एक टक्का कमी होतो. पृथ्वीएवढा गेला तर दहा लाखात फक्त 84 भाग, तोही वर्षातून एकदा आणि जेमतेम तेरा तास. शिवाय ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असावी लागते. पृथ्वीसारख्या कक्षेसाठी ही शक्यता अर्धा टक्का आहे, म्हणून एकाच वेळी लाखभर ताऱ्यांवर नजर ठेवावी लागते.

पृथ्वीएवढ्या ग्रहाचा खळगा जमिनीवरून का मोजता येत नाही? हवा ताऱ्याला लुकलुकवते आणि छोट्या दुर्बिणीत हजारात एकाच्या आसपास गोंधळ घालते. त्यात दिवस उगवतो, ढग येतात, आणि आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर आकाशच बंद. तेरा तासांचा खळगा एका रात्रीत मावतही नाही. विल्यम बोरुकी हे नासातले शास्त्रज्ञ म्हणूनच अवकाशात दुर्बीण पाठवा म्हणत होते. त्यांचा प्रस्ताव चार वेळा नाकारला गेला. सीसीडी, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, एवढ्या सूक्ष्म फरकापर्यंत मोजूच शकणार नाही, हा मुख्य आक्षेपांपैकी एक होता. त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम तारे मांडून ते मोजून दाखवलं आणि 2001 मध्ये केप्लर मोहीम मंजूर झाली. या क्षेत्रातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा इतिहास हाच आहे.

केप्लर मार्च 2009 मध्ये सुटली. प्रकाश आत घेणारं तोंड फक्त 95 सेंटिमीटरचं, 42 सीसीडी, आणि हंस-स्वरमंडळ या तारकासमूहांच्या दिशेला 115 चौरस अंशांचा एकच तुकडा. त्यातल्या दीड लाखाहून अधिक ताऱ्यांकडे ती चार वर्षं टक लावून बसली. तिच्या निरीक्षणांतून 2600 हून अधिक ग्रह पक्के झाले. पण ज्या कामासाठी ती पाठवली, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीसारखे ग्रह किती असतात ते मोजणं, तेच अर्धवट राहिलं. कारण दुर्बिणीत नव्हतं, ताऱ्यांत होतं. आपला सूर्य जेवढा शांत आहे तेवढे त्याच्यासारखे इतर तारेही असतील, असं गृहीत धरून साडेतीन-चार वर्षं पुरतील असा हिशेब केला होता. प्रत्यक्षात त्या ताऱ्यांचा प्रकाश अपेक्षेपेक्षा साधारण दुप्पट चंचल निघाला. पृष्ठभागावर उकळणारे वायू, डाग, स्पंदनं. त्यामुळे तेवढीच खात्री मिळवायला आणखी वर्षं लागणार होती. मुदतवाढ मिळालीही, पण जुलै 2012 मध्ये एक आणि मे 2013 मध्ये दुसरं रिअ‍ॅक्शन व्हील (दुर्बिणीची दिशा स्थिर ठेवणारं फिरतं चाक) बंद पडलं आणि दुर्बिणीला त्या तुकड्यावर स्थिर राहता येईना. पुढे सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन तिला तोल सावरायला लावलं आणि 2018 च्या ऑक्टोबरात इंधन संपेपर्यंत ती वेगवेगळे पट्टे पाहत राहिली. तो अभियांत्रिकीचा फार सुंदर भाग आहे, पण तुझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध कमी.

आता 'दुसरी पृथ्वी'. 2015 मध्ये केप्लर-452बी हा ग्रह जाहीर झाला. सूर्यासारखा तारा, 385 दिवसांचं वर्ष, त्रिज्या पृथ्वीच्या 1.6 पट. जगभर मथळे झाले. त्या मथळ्यांमागे होते चार वर्षांतले जेमतेम चार खळगे, प्रत्येक दहा लाखात सुमारे 200 भागांचा. 2018 मध्ये केप्लरवरच काम केलेल्या शास्त्रज्ञांनी ती निरीक्षणं पुन्हा तपासली आणि हा ग्रह पक्का मानण्याइतका पुरावा नाही असं लिहिलं. त्यांचं कारण मी वर्गात नेहमी सांगतो. केप्लर सूर्याभोवती 372 दिवसांत फिरत असे आणि सौरपट्ट्या सूर्याकडे राहाव्यात म्हणून दर तीन महिन्यांनी स्वतःभोवती 90 अंश वळत असे. म्हणजे कुठलाही तारा वर्षातून चार वेगवेगळ्या सीसीडींवर पडे आणि 372 दिवसांनी पुन्हा पहिल्या सीसीडीवर येई. काही सीसीडींच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये तापमानानुसार सरकणारा गोंधळ होता. तो गोंधळही मग वर्षातून एकदा त्याच ताऱ्यावर येणार! नेमके एक वर्षाच्या आसपासच्या कालावधीचे खोटे खळगे त्यामुळे ढिगाने तयार झाले, आणि आपण शोधत होतो तेही एक वर्षाचेच. केप्लर-452बी खोटा आहे असं त्यांनी म्हटलं नाही. यंत्राच्या खोड्या आणि ग्रह यांत एवढ्या कमी पुराव्यावर फरक करता येत नाही, एवढंच म्हटलं. यापुढे अशी बातमी वाचलीस की आधी एकच विचार: खळगे किती मोजले?

खळगा खरा असला तरी तो ग्रहाचाच असेल असं नाही. दोन तारे एकमेकांना झाकत फिरतात, त्यांना पिधानकारी युग्मतारे म्हणतात. अशी जोडी दूर मागे असेल आणि तिचा मंद प्रकाश पुढच्या तेजस्वी ताऱ्याच्या प्रकाशात मिसळला, तर तिचा खोल खळगा पातळ होऊन अगदी ग्रहासारखा दिसतो. केप्लरच्या गुरूएवढ्या उमेदवारांची, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या ग्रहांची, वर्णपटाने छाननी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त ग्रह नव्हतेच असं आढळलं. म्हणून आम्ही खळग्याचा आकार बघतो. ग्रहाचा खळगा बहुधा तळाशी सपाट, घासून जाणाऱ्या ताऱ्याचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा टोकदार. पहिला, तिसरा, पाचवा खळगा एका खोलीचे आणि दुसरा, चौथा, सहावा वेगळ्या खोलीचे असतील, तर तिथे एकमेकांभोवती फिरणारे दोन किंचित वेगळे तारे आहेत आणि खरा कालावधी दुप्पट आहे. कक्षेच्या मध्यावर आणखी एक ठळक खळगा दिसला, तर जो झाकला जातोय तो स्वतः प्रकाश देतोय. आणि खळगा पडताना प्रकाशाचा ठिपका किंचित बाजूला सरकला, तर मंद होणारा तारा शेजारचा आहे, आपला नव्हे.

टेसच्या बाबतीत ही शेवटची अडचण मोठी आहे, आणि तुझी आठ इंची इथेच उपयोगी पडते. टेस 18 एप्रिल 2018 ला सुटली. केप्लरने आकाशाचा एक तुकडा पाहिला. टेस जवळजवळ सगळं आकाश पाहते. तिचे चार कॅमेरे आहेत, प्रत्येकाचं तोंड फक्त साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दुर्बिणीच्या जवळपास निम्मं. आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे ती सुमारे 27 दिवस पाहते आणि पुढे सरकते. रुंद पाहण्याची किंमत म्हणजे तिचं एक पिक्सेल 21 विकलांचं आहे (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग); पूर्ण चंद्रबिंबाच्या व्यासात अशी 85-एक पिक्सेलच मावतात. एका पिक्सेलात अनेक तारे एकत्र येतात. खळगा दिसला तरी मंद कोण झालं ते टेसला सांगता येत नाही. ते सांगतात जमिनीवरच्या छोट्या दुर्बिणी, कारण त्यांना ते तारे सुटे दिसतात. हौशी निरीक्षकांनी केलेली अशी मोजमापं ग्रह पक्का करणाऱ्या शोधनिबंधांत वापरली गेली आहेत.

इथवर वाचलंस तर मुद्दा लक्षात आला असेल. ग्रहाविषयी आपण जे काही सांगतो ते ताऱ्याच्या मोजमापावर उभं असतं. एक टक्क्याचा खळगा सूर्यासारख्या ताऱ्यात पडला तर समोर गुरूएवढा ग्रह आहे. पण कुंभ राशीत 40 प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-1 हा लाल बटू तारा आहे, त्याची त्रिज्या सूर्याच्या 12 टक्के. तिथे पृथ्वीएवढा ग्रहसुद्धा अर्ध्या टक्क्याहून जास्त प्रकाश अडवतो. त्याचे सात ग्रह 2017 मध्ये जाहीर झाले ते ताऱ्याच्या या लहानपणामुळेच सापडले. ताऱ्याची त्रिज्या चुकली की ग्रहाची तेवढीच चुकते. केप्लरच्या बऱ्याच ताऱ्यांच्या त्रिज्या सुरुवातीला पंचवीस-तीस टक्क्यांनी अनिश्चित होत्या. जमिनीवरून त्यांचे वर्णपट नीट घेतल्यावर 2017 मध्ये एक गोष्ट उघड झाली: पृथ्वीच्या साधारण 1.8 पट त्रिज्येच्या आसपास ग्रह फार कमी आहेत. त्याहून लहान खडकाळ, त्याहून मोठे जाड वायूचं आवरण असलेले, आणि मध्ये दरी. पुढे गाया यानाने ताऱ्यांची अंतरं अचूक मोजली आणि ती दरी आणखी स्पष्ट झाली. केप्लरची मोजणी आधीपासून तीच होती; तारे नीट ओळखता येईपर्यंत दरी दिसत नव्हती. या क्षेत्रातला माझ्या मते हा सगळ्यात शिकवणारा निकाल आहे आणि त्याला बातम्यांत जागा फार थोडी मिळाली.

त्रिज्येवरून वस्तुमान मात्र कळत नाही. गुरू, त्याच्या कित्येक पट जड तपकिरी बटू (ग्रह आणि तारा यांच्या मधली वस्तू), आणि अगदी छोटा लाल तारा, या तिघांचा आकार जवळपास सारखाच असतो. म्हणून ग्रहाच्या ओढीने तारा किती डोलतो ते वर्णपटावरून मोजावं लागतं. 1995 मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी 51 पेगासीचा ग्रह असाच शोधला आणि 2019 मध्ये नोबेल मिळवलं. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर इतका डोलवतो, पृथ्वी फक्त 9 सेंटिमीटर. आपल्याकडे हे काम अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा माउंट अबूच्या गुरुशिखरावरून करते. तिथल्या पारस या वर्णपटमापकाने 2018 मध्ये केप्लरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या एका उमेदवाराचं वस्तुमान मोजलं: पृथ्वीच्या सुमारे 27 पट, त्रिज्या सहा पट, वर्ष साडेएकोणीस दिवसांचं. आता अडीच मीटरच्या दुर्बिणीवर पारस-2 बसवला आहे आणि 2024 मध्ये त्यातून टीओआय-6651बी हा ग्रह मिळाला, पृथ्वीच्या 60 पट जड. नावातला 'टीओआय' म्हणजे तो टेसने सुचवलेला उमेदवार. पुढे याच विषयात जायचं असेल तर वर्णपट वाचायला आत्तापासून शिक.

वेबचं काम वेगळं आहे. नवे ग्रह शोधण्यापेक्षा सापडलेल्यांची हवा तपासायला ती जास्त वापरली जाते. ग्रह ताऱ्यासमोर असताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेच्या कडेतून गाळून येतो, आणि त्यात कुठले रंग कमी आहेत यावरून वायू ओळखता येतात. 2022 मध्ये डब्ल्यूएएसपी-39बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड असा निर्विवाद दिसला. लहान ग्रहांचं प्रकरण अवघड आहे. ट्रॅपिस्ट-1 वर डाग आणि ज्वाळा इतक्या आहेत की ताऱ्यावरचा डाग आणि ग्रहाची हवा यांच्या खुणा एकमेकांत मिसळतात. के2-18बी या ग्रहावर 2023 मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळल्याचं जाहीर झालं. 2025 मध्ये जीवसृष्टीशी जोडलेल्या एका वायूचा दावा आला आणि दुसऱ्या गटांनी तीच निरीक्षणं तपासून तो पुरेसा भक्कम नाही म्हटलं. मला हा वाद निकोप वाटतो. तू दोन्ही बाजूंचे निबंध वाच. दुसऱ्या वर्षाच्या भौतिकशास्त्रावर त्यातलं निम्मं तरी कळेल.

आता गच्ची. जंबुक तारकासमूहात डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी एचडी 189733 नावाचा तारा आहे. 7.7 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), 65 प्रकाशवर्षांवर. त्याचा गुरूहून थोडा मोठा ग्रह दर 2.2 दिवसांनी समोरून जातो आणि सुमारे 1.8 तास तब्बल 2.4 टक्के प्रकाश अडवतो. हा तारा नागपूरकरांना फार सोयीचा, कारण त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, जवळपास पावणेतेवीस अंश आणि आपला अक्षांश एकवीसच्या थोडा वर. म्हणजे तो जवळजवळ डोक्यावरूनच जातो, जिथे हवेचा थर सगळ्यात पातळ. विषुववृत्तीय बैठकीची (ताऱ्यांबरोबर एकाच अक्षाभोवती फिरणारी) दुर्बीण याम्योत्तर, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना उलटी फिरवावी लागते आणि खळग्याच्या मध्येच तसं झालं तर वक्र तुटतो. पण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात अंधार पडेपर्यंत तारा याम्योत्तर ओलांडून गेलेला असतो, मग रात्री अकरापर्यंत सलग मोजता येतं. पाऊस सरलेला, हवा धुतलेली. दिवाळीचे चार-पाच दिवस मात्र सोडून दे, फटाक्यांच्या धुरात वक्र वाकडातिकडा होतो.

शहराच्या उजेडाची तू काळजी करत असशील. सातव्या-आठव्या प्रतीच्या ताऱ्यासाठी तो मोठा अडसर नाही, पार्श्वभूमी म्हणून वजा होतो. खरा शत्रू म्हणजे डोळ्याला न दिसणारा विरळ ढग आणि उष्णता. मे महिन्यात गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत वाफ सोडत असतो, तारा थरथरतो, आणि थंड न केलेल्या कॅमेऱ्याचा गोंधळ दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो. नागपूरचा उन्हाळा या कामासाठी सोडूनच द्यावा. पेंच व्याघ्र प्रकल्प 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, सिल्लारीकडच्या गावांतले दिवे त्यासाठी जमिनीकडे वळवले गेले. तिथे जरूर जा, आकाशगंगा बघायला. मोजायला मनीष नगर पुरे.

पद्धत थोडक्यात सांगतो. अधिक्रमणाच्या वेळा नासाच्या एक्झोप्लॅनेट अर्काइव्हवर नागपूरचे अक्षांश-रेखांश टाकून मिळतात. दर संध्याकाळी योग येत नाही, तारीख आधी शोधावी लागते. खळग्याआधी आणि नंतर तासभर तरी मोजायचं, नाहीतर तळ कुठे आणि काठ कुठे तेच कळत नाही. तारा किंचित धूसर कर, म्हणजे प्रकाश अनेक पिक्सेलांवर पसरतो आणि एखादं पिक्सेल भरून वाहत नाही. चित्रचौकटीत जवळपास तेवढ्याच तेजाचे दोन-तीन तारे हवेत. आपल्या ताऱ्याचा प्रकाश त्यांच्या प्रकाशाने भागला की ढग-धूळ दोघांवर सारखी असल्याने निघून जाते. फ्लॅट चित्रं, म्हणजे कॅमेऱ्याच्या पिक्सेलांमधला फरक काढून टाकायला एकसारख्या उजेडाची चित्रं, न चुकता घे, संध्याकाळच्या आकाशाची. बहुतेक मुलांचे वक्र इथेच बिघडतात. कॅमेऱ्याचं घड्याळ इंटरनेटशी जुळव आणि वेळ भारतीय नको, जागतिक नोंदव. पुढे ती सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला धरून बदलावी लागते, कारण पृथ्वी कक्षेत कुठे आहे यावरून प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर-उशिरा पोहोचतो. चांगला वक्र मिळाला तर नासाच्या एक्झोप्लॅनेट वॉच उपक्रमाला पाठव. वेबसारख्या महागड्या दुर्बिणीला नेमक्या कधी वळवायचं ते ठरवायला अशा ताज्या वेळा लागतात.

दुर्बीण कपाटातून निघेपर्यंत थांबू नकोस. टेसची निरीक्षणं नासाच्या मास्ट संग्रहातून कुणालाही फुकट मिळतात आणि पायथनमधल्या लाइटकर्व्ह या साधनाने कॉलेजच्या साध्या संगणकावर उघडतात. पायथन येत नसेल तर प्लॅनेट हंटर्स या संकेतस्थळावर नुसते वक्र बघायला बस; 2012 मध्ये स्वयंसेवकांनी तिथे चार ताऱ्यांच्या संसारातला एक ग्रह शोधला होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला अभ्यास एचडी 189733 चाच देतो. टेसच्या वक्रात खळगे दिसतीलच, पण त्यांच्या मधला भाग बघ, तो हळूहळू वरखाली होतो. तारा बारा-एक दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्यावरचे डाग समोर येतात-जातात, म्हणून. आधी त्या लाटेचा कालावधी काढ, मग ती लाट वजा कर, आणि मगच खळग्याची खोली मोजून ग्रहाची त्रिज्या काढ. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या 0.78 पट धर. उत्तर गुरूच्या 1.1 ते 1.2 पट यायला हवं.